कित्ता : ‘प्रत्येक’ या शब्दाचा एक छोटा इतिहास

आजचा विषय एका जुन्या मराठी शब्दापासून सुरू करू. शब्द आहे ‘कित्ता’. आपल्यापैकी ज्यांचे केस पांढरे झालेत, त्यांनी तो गिरवलेला असेल. वहीच्या डोक्यावर गुरुजी वळणदार अक्षरात एक ओळ लिहून देत आणि खाली तीच ओळ दहा वेळा, वीस वेळा लिहायची. आता गंमत बघा. पोर पहिली ओळ गुरुजींची बघून लिहितं. दुसरी लिहिताना मात्र त्याची नजर आपल्याच पहिल्या ओळीवर असते, कारण ती जवळ असते. तिसरीच्या वेळी दुसरीवर. दहाव्या ओळीपर्यंत येताना अक्षरं अशी कलंडलेली असतात की मूळ वळण शोधावं लागतं. गुरुजी छडी आपटून सांगायचे, ‘वरची ओळ बघ!’ म्हणजे प्रत्येक वेळी मूळ बघ, मागची नको.

याच शब्दाचा दुसरा अर्थ बरोबर उलटा आहे. जमाखर्चाच्या वहीत, आणि पुढे ग्रंथांच्या तळटीपांत, ‘कित्ता’ म्हणजे वरीलप्रमाणे. टीप १५ मध्ये ग्रंथाचं नाव लिहिलं की टीप १६ मध्ये नुसतं ‘कित्ता, पृ. ४२’. हा कित्ता समजायचा तर मागची ओळ बघावीच लागते. मागची नसेल तर त्याला अर्थच नाही.

एकच क्रिया पुन्हा पुन्हा करायची असेल तर तिच्या या दोन तऱ्हा. एक, प्रत्येक फेरी स्वतंत्र, आधीच्या फेरीची आठवण नाही. दुसरी, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या खांद्यावर उभी. संगणकाच्या भाषांनी गेली साठसत्तर वर्षं या दोहोंमध्ये येरझाऱ्या घातल्या आहेत. आज आपण त्यातली एक लहानशी, फारशी प्रसिद्ध नसलेली भाषा घेऊ. तिचं नाव एक्सप्रॉक. एक्सएमएल या पद्धतीत लिहिलेल्या मजकुरावर एकामागून एक प्रक्रिया करणारी, पाइपलाइनची भाषा. त्या भाषेत ‘प्रत्येक घटकासाठी हे कर’ असं म्हटल्यावर नेमकं काय होतं, एवढाच प्रश्न. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, प्रोग्रामिंग नाही, तेव्हा तुम्ही विचाराल की या वाटेला आम्ही का गेलो. सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या पुस्तकाचं बोलतं पुस्तक करण्याचं काम एका संस्थेतल्या स्वयंसेवकांनी हाती घेतलं. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी. काम निष्ठेनं झालं. पुस्तक तयार झाल्यावर एका विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, ‘सर, टीप सतरा ऐकली. मशीन म्हणतं, कित्ता, पृष्ठ बेचाळीस. कित्ता कोणाचं? सोळावर गेलो, तिथंही कित्ता. पंधरावर गेलो, तिथंही. शेवटी चौदावर पुस्तकाचं नाव सापडलं, तोवर मी कुठलं वाक्य ऐकत होतो तेच विसरलो.’ आणि मग जरा थांबून, संकोचानं, ‘आणखी एक. तिसऱ्या प्रकरणापासून मशीन मराठी हिंदीसारखं का वाचतं?’

डोळस वाचकाला यातलं काहीच जाणवत नाही. त्याची नजर पानाच्या तळाशी तीन ओळी वर सरकते, अर्ध्या क्षणात परत येते. कानाला तशी सोय नाही. कानासमोर एका वेळी एकच गोष्ट असते. आम्ही त्या मुलांकडे गेलो आणि विचारलं की हे होतं कसं. त्यांनी पडद्यावर एक ओळ दाखवली. इंग्रजीत होती, अर्थ साधा होता : ‘प्रत्येक टिपेसाठी पुढील पायऱ्या करा.’ त्या ‘प्रत्येक’मध्ये सगळं दडलेलं होतं.

आता थोडं मागे जाऊ.

फेरीची कल्पना यंत्राच्या आधी कागदावर आली. चार्ल्स बॅबेजच्या ॲनॅलिटिकल इंजिनावर मेनाब्रिया या इटालियन गृहस्थांनी लिहिलेला लेख एडा लव्हलेसनं इंग्रजीत आणला, १८४३ साली, आणि त्याला स्वतःच्या टिपा जोडल्या. टिपा मूळ लेखाहून कितीतरी मोठ्या झाल्या. लोक आज लेख विसरले, टिपा वाचतात. (टिपा लिहिणाऱ्यांना एवढा मान पुन्हा कधी मिळाला नाही.) त्या टिपांत क्रियांच्या चक्राचा, म्हणजे पुन्हा पुन्हा होणाऱ्या क्रियासमूहाचा विचार आहे, आणि बर्नुली संख्या काढण्याचा जो तक्ता आहे त्यात प्रत्येक नवी संख्या आधीच्या संख्या वापरून निघते. म्हणजे आपल्या भाषेत, तळटिपेतला कित्ता.

१९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएममध्ये फोरट्रान ही भाषा बाजारात आणली. तिच्यात ‘डू’ नावाची आज्ञा होती. एक मोजणी ठेवायची, एकपासून शंभरपर्यंत, आणि प्रत्येक आकड्याला तेच काम करायचं. वाटेत बेरीज एका डब्यात साठत जाते. इथेही आठवण आहे. १९६० साली जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेवरचा निबंध प्रसिद्ध केला, त्यात मात्र वेगळाच सूर लागला. यादी घ्या, तिच्यातून जाताना प्रत्येक ठिकाणी एकच क्रिया लावा, उत्तरांची नवी यादी बनवा. मधे डबा नाही, साठवण नाही. गुरुजींची वरची ओळ. या दोन घराण्यांचं पुढे कधी पटलं नाही असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण दोघांची रियाजाची पद्धत वेगळी राहिली, हे खरं.

आता नळाकडे येऊ. पाइपलाइन म्हटल्यावर आपल्याला नगरपालिका आठवते आणि ते अगदीच चूक नाही. १९६४ साली बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांनी एक टिपण लिहिलं. त्यात त्यांनी बागेतल्या पाण्याच्या नळीची उपमा दिली होती. लागेल तसा नळीचा पुढचा तुकडा फिरवून बसवता येतो, तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. कल्पना नऊ वर्षं पडून राहिली. १९७३ साली केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये ती प्रत्यक्षात आणली. एका प्रोग्राममधून जे बाहेर पडतं ते सरळ दुसऱ्यात जातं. मधे एक उभी रेघ, बस्स.

या नळातून काय वाहत होतं? अक्षरं. आणि बहुतेक प्रोग्राम ती अक्षरं ओळीओळीनं घेत. एक ओळ आली, तिच्यावर काम झालं, पुढे गेली. १९७७च्या सुमाराला आहो, वाइनबर्गर आणि कर्निहान यांनी ‘ऑक’ ही छोटी भाषा केली. तिचा स्वभावच असा की प्रत्येक ओळीसाठी तीच कृती करायची, पण हाताशी डबा आहे. मागच्या ओळीतली रक्कम पुढच्या ओळीत मिळवता येते. किराणा दुकानदाराची वही. फार व्यवहारी भाषा. आम्हाला ती आवडते.

पण ग्रंथ म्हणजे ओळींची थप्पी नव्हे. ग्रंथात भाग असतात, भागात प्रकरणं, प्रकरणात परिच्छेद, परिच्छेदात उद्धरण, उद्धरणाला टीप, आणि एखाद्या वात्रट लेखकाच्या बाबतीत टिपेच्या पोटात आणखी उद्धरण. पोटात पोट. ही रचना संगणकाला सांगण्यासाठी आयबीएममध्ये १९६९ पासून गोल्डफार्ब, मोशर आणि लॉरी यांनी एक खुणांची भाषा तयार केली. तिचं पुढचं रूप एसजीएमएल, ते १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण झालं. ते इतकं ऐसपैस होतं की सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. त्याला कात्री लावून १० फेब्रुवारी १९९८ रोजी डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं एक्सएमएल जाहीर केलं. कल्पना सोपी आहे. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला सुरुवातीची खूण आणि शेवटची खूण. हे प्रकरण इथे सुरू, इथे संपलं. या खुणांच्या मधल्या तुकड्याला म्हणायचं घटक. घटकात घटक, म्हणजे सगळ्याचं मिळून एक झाड. एकच मूळ, बाकीच्या फांद्या.

झाडाचा एक गुण लक्षात ठेवा, पुढे लागेल. मुळाशी एकदा सांगितलेलं फांद्यांनाही लागू होतं. मुळाच्या घटकावर ‘भाषा : मराठी’ अशी खूण केली की आतल्या हजार परिच्छेदांवर ती पुन्हा करावी लागत नाही. मुलाला आडनाव वेगळं द्यावं लागत नाही, तसंच.

आता झाडावर फेरी कशी मारायची? १६ नोव्हेंबर १९९९ रोजी एक्सएसएलटी ही भाषा प्रमाण झाली. तिचे संपादक जेम्स क्लार्क. एक्सएमएलचं एक रूप दुसऱ्या रूपात नेण्यासाठी. तिच्यात ‘फॉर-ईच’ आहे, प्रत्येकासाठी. पण फोरट्रानच्या घराण्यातून आलेल्या माणसाला इथे पहिल्याच दिवशी ठेच लागते, कारण डब्यात एकदा ठेवलेली गोष्ट बदलता येत नाही. बेरीज साठवायची तर साठवणार कुठे? हे मुद्दाम केलेलं आहे. या भाषेच्या आधीची डीएसएसएसएल नावाची भाषा स्कीमच्या, म्हणजे लिस्पच्याच वंशातली, आणि तिथून हे सोवळं आलं. लोकांनी तेव्हा फार आरडाओरडा केला.

एक गोष्ट मात्र एक्सएसएलटीनं उदारपणे दिली. फेरीत एखाद्या टिपेवर उभे असताना ती टीप झाडावरच असते, तोडलेली नसते. तिथून मान वर करून विचारता येतं, ही कोणत्या प्रकरणातली? मागे वळून विचारता येतं, हिच्या आधीची टीप कोणती? आठवण नाही, पण शेजार आहे. डोळस वाचकाची नजर पानाच्या तळाशी जे करते, तेच.

एक्सएमएल पसरलं तशी कामं लांबत गेली. मजकूर आधी तपासायचा, मग त्यात दुसरी फाइल मिसळायची, मग रूप बदलायचं, मग तुकडे करायचे, मग साठवायचं. प्रत्येक जण हे आपापल्या परीनं बांधत होता. १९९०च्या दशकाच्या अखेरीस स्तेफानो मात्सोकी यांनी सुरू केलेल्या अपाचे ककूनमध्ये अशी साखळी वेबसाठी होती. २००२ च्या फेब्रुवारीत नॉर्मन वॉल्श आणि ईव्ह मेलर यांनी पाइपलाइनच्या व्याख्येसाठी एका भाषेचं टिपण डब्ल्यूथ्रीसीकडे मांडलं. पुढे कार्यगट झाला, वॉल्श त्याचे अध्यक्ष, आणि ११ मे २०१० रोजी एक्सप्रॉक १.० प्रमाण म्हणून जाहीर झालं. संपादक तिघे : वॉल्श, ॲलेक्स मिलोव्स्की आणि एडिंबराचे हेन्री थॉम्प्सन. (युनिक्सवाले थॉम्प्सन वेगळे. नळाच्या धंद्यात थॉम्प्सन फार.) वॉल्श यांनी स्वतः ही भाषा चालवणारा प्रोग्राम लिहिला, त्याचं नाव कॅलाबॅश. कॅलाबॅश म्हणजे भोपळ्याच्या फळापासून केलेला धूम्रपानाचा पाइप, शेरलॉक होम्सच्या चित्रांत दिसतो तो. इंग्रजीत नळही पाइप आणि हाही पाइप, त्यावरची ही कोटी.

बोलत्या पुस्तकांचं आणि एक्सप्रॉकचं नातं इथेच जुळतं. दृष्टिहीनांसाठी पुस्तकं तयार करण्याची जागतिक पद्धत ठरवणारा डेझी नावाचा संघ १९९६ पासून आहे. त्यांची ‘पाइपलाइन’ ही प्रणाली, तिची दुसरी पिढी, एक्सप्रॉकवर उभी आहे. ब्रेल, ईपब, बोलतं पुस्तक, सगळं त्या नळांतून जातं. म्हणजे आपण ज्या ‘प्रत्येक’बद्दल बोलतोय तो चर्चेपुरता नाही. तो रोज कोणाच्या तरी कानापर्यंत पोहोचतो.

तर आता त्या ‘प्रत्येक’कडे नीट बघू. एक्सप्रॉकमध्ये नळातून ओळी वाहत नाहीत, अक्षरंही नाहीत. दस्तऐवज वाहतात. अख्खे. प्रत्येक पायरीला आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं दार असतं, त्याला पोर्ट म्हणतात, आणि दारातून येतो तो पूर्ण दस्तऐवज. काही पायऱ्या एका वेळी एकच दस्तऐवज घेतात. मग दहा आले तर? किंवा आला एकच, पण आपल्याला काम त्यातल्या प्रत्येक प्रकरणावर वेगळं करायचंय, तर? त्यासाठी फॉर-ईच. तुम्ही सांगायचं की अमुक दस्तऐवजातली सगळी प्रकरणं निवड. ती निवडली जातात. आणि इथे भाषेनं एक निर्णय घेतला, ज्यावर आमचं आजचं सगळं व्याख्यान टांगलेलं आहे. नळातून दस्तऐवजच वाहू शकत असल्यामुळे निवडलेला प्रत्येक घटक झाडावरून तोडला जातो आणि स्वतंत्र दस्तऐवज होतो. प्रकरण आता प्रकरण नसतं, अख्खं पुस्तक असतं. त्याला वर कोणी नाही, मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. एकामागून एक असे तुकडे आतल्या पायऱ्यांतून जातात आणि दुसऱ्या टोकाला त्याच क्रमानं रांगेत उभे राहतात.

क्रम टिकतो. ओळख टिकत नाही. तुकड्याला फार तर दोन गोष्टी विचारता येतात, ‘मी कितवा?’ आणि ‘आम्ही एकूण किती?’ त्यासाठी भाषेत दोन फंक्शनं ठेवली आहेत. दुसरा प्रश्न विचारला की काय होतं बघा. एकूण किती हे सांगायला शेवटचा आल्याशिवाय पहिल्याला उत्तर देता येत नाही. म्हणजे नळ वाहता राहण्याऐवजी टाकी भरेपर्यंत थांबतो. लग्नाच्या पंगतीत पहिल्या पानाला विचारलं ‘एकूण पानं किती?’, तर आचारी म्हणेल, उठेपर्यंत थांबा.

आमच्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर इथे जागा झाला, त्याला दोन मिनिटं द्या. बौद्धांनी अवयवी नाकारला. रथ म्हणजे चाकं, आस, दांडी, याहून वेगळं काही नाही. नैयायिक म्हणाले, अवयवी आहे, अवयवांत राहतो पण अवयवांची नुसती बेरीज नाही. आणखी एक वाद आठवणीचा. प्रत्येक क्षण जर वेगळा आणि स्वतंत्र असेल तर डोळ्यांनी पाहिलेलं आणि नंतर हातानं चाचपलेलं एकच, हे ओळखणार कोण? आधीचं आणि नंतरचं जोडणारा कोणीतरी टिकून असला पाहिजे, असा न्यायाचा युक्तिवाद. एक्सप्रॉकची फेरी या बाबतीत अगदी क्षणिकवादी आहे. तिच्यात जोडणारा नाही. एका फेरीत घडलेलं पुढच्या फेरीला कळवण्याची सोयच ठेवलेली नाही. आम्ही वर्गात तीस वर्षं नैयायिकांची बाजू जरा झुकतं माप देऊन शिकवली, तेव्हा आमचा कल तुमच्या लक्षात आला असेलच.

पण न्याय सगळ्यांनाच द्यावा. या निर्णयाचे फायदे मोठे आहेत. फेऱ्या स्वतंत्र असल्या की एकीचा गोंधळ दुसरीत जात नाही. पोराची कलंडलेली दहावी ओळ इथे होत नाही, कारण प्रत्येक फेरी वरचीच ओळ बघते. चारशे पानांच्या कोशातली एक नोंद बिघडली तर ती कोणती हे लगेच सापडतं. प्रत्येक तुकडा वेगळा तपासता येतो. ज्यांनी ही भाषा रचली त्यांनी आयुष्यभर लांबलचक साखळ्या तुटताना पाहिल्या होत्या, त्यांना हेच हवं होतं.

पुन्हा आमच्या पुस्तकाकडे. विद्यार्थ्याच्या दोन्ही तक्रारींचं मूळ या एका तोडण्यात होतं. आधी दुसरी घेऊ. पुस्तकाच्या मूळ घटकावर ‘भाषा : मराठी’ अशी खूण होती. पहिली दोन प्रकरणं कोणीतरी नमुना म्हणून हातानं तयार केली होती, त्यांत ती खूण वेगळी घातली होती. तिसऱ्यापासून फॉर-ईच. प्रकरण तुटलं, मुळाशी असलेली खूण मुळाशीच राहिली. वाचणाऱ्या यंत्रासमोर देवनागरी मजकूर आला, भाषा सांगितलेली नाही, त्यानं हिंदी धरली. ‘चिंच’ या शब्दात आपण पहिला च तालव्य म्हणतो आणि दुसरा दंततालव्य. हिंदी आवाजाला दोन्ही सारखेच. ऐकणाऱ्याला चिंच कळते हो, पण पाचशे पानं अशा आवाजात ऐकून बघा.

पहिली तक्रार, कित्ता. टिपांवर फेरी लावली तेव्हा प्रत्येक टीप स्वतंत्र दस्तऐवज झाली. त्या फेरीच्या आत ‘आधीची टीप कोणती?’ हा प्रश्न विचारताच येत नव्हता. आधीची अशी काही नव्हतीच. कित्ता नावाचा शब्द, ज्याचा सगळा अर्थ मागच्या ओळीत आहे, तो मागची ओळ नसलेल्या खोलीत बसवला गेला.

एक तिसरी गडबडही निघाली, ती विद्यार्थ्याला कळली नव्हती. त्यांनी ‘सगळे विभाग निवड’ असं सांगितलं होतं. विभागाच्या पोटात उपविभाग होते आणि त्यांचीही खूण ‘विभाग’ अशीच. मग उपविभाग दोनदा आला, एकदा आईच्या पोटात आणि एकदा स्वतःच्या पायांवर. आमचा एक युक्तिवाद त्या पुस्तकात दोनदा ऐकू येत होता. विद्यार्थ्याला वाटलं, सर मुद्दा ठसवताहेत.

याच भाषेत फेरीची दुसरी एक तऱ्हा आहे, व्ह्यूपोर्ट. तीही घटक तोडते, त्यावर काम करते, पण काम झाल्यावर जिथून तोडला तिथेच परत चिकटवते. बाकीचं झाड जसंच्या तसं. फॉर-ईचमधून निघालेल्या तुकड्यांची तशी गत नाही. त्यांना एका नव्या मुळाखाली गोळा करता येतं, त्याची वेगळी पायरी आहे, पण निवडीत नसलेली शीर्षकपानं, अर्पणपत्रिका, सगळं वाटेत राहतं. तेव्हा भाषेच्या खुणेचा प्रश्न व्ह्यूपोर्टनं सुटला असता, प्रकरण घरी परतलं की आडनाव पुन्हा लागतं. कित्त्याचा सुटला नसता, कारण फेरीच्या आत असेपर्यंत तेही एकटंच. दवाखान्यात आत घेतात तेव्हा नातेवाईक बाहेरच.

मग इलाज काय? मुलांनी जो केला तो आपल्या आज्यांना माहीत होता. घराबाहेर पाठवायचं तर शिदोरी बांधून द्यायची. फेरीच्या आधी एक पायरी घातली, एक्सएसएलटीची. तिच्यापुढे अख्खं झाड असतं आणि तिला मागे वळून बघता येतं, हे आपण पाहिलं. तिनं दोन कामं केली. मुळाशी असलेली भाषेची खूण प्रत्येक प्रकरणावर आणि प्रत्येक टिपेवर लिहून टाकली. आणि जिथे टीप ‘कित्ता’नं सुरू होते तिथे मागे मागे जात, जी पहिली टीप कित्ता नाही ती शोधून, तिच्यातलं ग्रंथाचं नाव इथे भरलं. त्यानंतर खुशाल फॉर-ईच. आता प्रत्येक तुकड्याजवळ त्याचं स्वतःचं सगळं होतं.

इतिहासाचा धागा पुरा करायचा तर दोन गोष्टी राहिल्या. एक्सएसएलटीच्या ज्या सोवळ्याबद्दल आरडाओरडा झाला, ते २०१७ साली थोडं सैल झालं. जूनमध्ये तिची ३.० ही आवृत्ती मायकेल के यांच्या संपादनाखाली प्रमाण झाली, त्यात ‘इटरेट’ नावाची नवी फेरी आली. ही फेरी पुढच्या फेरीच्या हातात गाठोडं देऊ शकते. निमित्त मोठे दस्तऐवज. इतके मोठे की पूर्ण झाड संगणकाच्या स्मृतीत मावत नाही, समोरून एकदाच वाचत जावं लागतं, मागे वळून बघायला मागे काही उरलेलंच नसतं. शेजार गेला, म्हणून आठवण द्यावी लागली. एक्सप्रॉकची २.० ही आवृत्ती मसुद्यांच्या पुढे गेली नाही. ३.० ही २०२२ मध्ये पूर्ण झाली, वॉल्श यांच्यासोबत आखिम बेर्न्ट्सेन, गेरिट इम्झीके आणि एरिक सीगल. आता नळातून एक्सएमएलखेरीज साधा मजकूर, जेसन, चित्रंही वाहतात. फॉर-ईचचा स्वभाव मात्र बदललेला नाही. तुकडा अजून एकटाच आत जातो.

आमच्या पुस्तकाचं पुढे काय झालं, तेवढं सांगून थांबतो. कित्ते भरून झाल्यावर त्या मुलांनी यादी आमच्याकडे पाठवली, एकदा डोळ्याखालून घाला म्हणून. आम्ही निवांत बसलो. पहिली पन्नास ठीक होती. मग एक टीप आली, जिच्यात कित्त्याच्या जागी भलत्याच ग्रंथाचं नाव होतं. आम्ही ताबडतोब फोन केला, तुमचं मशीन चुकतंय. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, ‘सर, छापील पुस्तकात बघता का?’ बघितलं. मशीनचं बरोबर होतं. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी आम्ही उत्साहानं मधे एक नवी टीप घातली होती आणि तिच्या खालचा कित्ता तसाच ठेवला होता. बावीस वर्षं तो चुकीच्या ग्रंथाकडे बोट दाखवत उभा होता, आणि त्या काळात कोणाही डोळस वाचकानं, आम्ही धरून, वर बघितलं नव्हतं. असे एकूण अकरा कित्ते निघाले. नऊ आम्ही दुरुस्त केले. दोन ठिकाणी आमचा मूळ हेतू काय होता ते आता आम्हालाही सांगता येईना, तिथे तो शब्द तसाच आहे. विद्यार्थ्याला फोन करून ते दोन आकडे कळवले. तो म्हणाला, ‘बरं सर, ते मी सोडून देतो.’